कल्हई उडालेल्या डब्याची कबुली

झाकण उघडण्याआधी ऐका, मित्रांनो. मी एक जुना पितळी डबा. बोर्ली पंचतनमध्ये तुळशीराम टपालवाल्याच्या घरात, चुलीच्या वरच्या फळीवर बसलेला असतो. गोल, कडीचा, चार माणसांचा भात सहज मावेल एवढा. घरी पाहुणे आले की म्हणतात, "काय सुरेख डबा आहे हो!" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझी स्तुती करू नका. का करू नका, तेच तर सांगायचं आहे.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी पेणच्या एका तांबटानं मला घडवलं. ठोकून ठोकून त्यानं माझा जीव नकोसा केला, पण अंगाला आकार आणला. मग निखाऱ्यावर धरून आतून कथलाची पांढरी कल्हई दिली. ही कल्हई म्हणजे पितळी भांड्याचं अस्तर. ते नसेल आणि आत ताक, चिंच, आमसूल असं काही आंबट पडलं, तर ते कळकतं. हिरवट होतं. खाणाऱ्याच्या पोटात विष जातं. हे मला माहीत होतं, तांबटाला माहीत होतं, घराघरांतल्या बायकांना माहीत होतं. तरीही जे व्हायचं ते झालंच.

वडवलीच्या बाजूच्या एका कोंडावर, म्हणजे छोट्या वाडीवर, कोंडाजी म्हणून भातशेती करणारा माणूस राहायचा. त्यानं मला आपल्या लेकीच्या, बायजाच्या लग्नात दिलं. बायजा तुळशीरामाच्या घरी आली आणि तिच्याबरोबर मीही आलो. पुढे गोदू झाली, तीन वर्षांनी नामा झाला, आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले.

तुळशीराम आठवडाभर टपालाची थैली खांद्याला लावून गावोगाव चालायचा. रविवारी सुट्टी. त्या दिवशीही तो पोरांना घेऊन चालायला निघायचा, म्हणून आळीतली माणसं त्याची थट्टा करायची. "काय तुळशीराम, आज कोनाचं पत्र?" तो म्हणायचा, "आज समिंदराचं." मग नामा त्याच्या खांद्यावर, गोदू पुढे उड्या मारत, बायजाच्या डोक्यावर मी, अशी आमची वरात दिवेआगरच्या किनाऱ्याला निघायची. तीन मैल. खर्च म्हणाल तर चपलांचा, आणि त्याही फक्त तुळशीरामाच्या पायांत असायच्या.

काय काय करायची ती पोरं! ओल्या वाळूवर माडाची झावळी टाकायची, तिच्यावर नामानं बसायचं आणि बापानं ओढत पळायचं. खेकड्यांच्या बिळांत काड्या घालायच्या. सुरूच्या बनात पडलेली बोंडं ओटीत भरायची. आणि दुपारी रापण ओढायची.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. भरडखोलचे कोळी ते होडीनं समुद्रात सोडून यायचे आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभे राहून ओढायचे. त्यांचा एक जुना रिवाज होता. दोराला ज्याचा हात लागेल त्याला मासळीचा वाटा. मग तो कोळी असो, कुणबी असो, की पाच वर्षांचं पोर असो. नामा दोराला नुसता लोंबकळायचा. रापणीचा म्होरक्या काळूराम मोठ्यानं ओरडायचा, "अरे, ह्यो न्हाय आला तर जाळं येतंच न्हाय बग!" आणि शेवटी मोजून त्याच्या ओंजळीत चार मांदेली टाकायचा. त्या चार मांदेलींनी नामा असा फुगायचा की विचारू नका.

ती मासळी भाजून द्यायची केसर. भरडखोलचीच. बोर्लीच्या बाजारात तिची मासळीची जागा ठरलेली होती, त्यामुळे बायजाची तिची जुनी ओळख. वाळूत तीन दगड मांडून, वर पत्रा टाकून ती सगळ्या पोरांचे वाटे भाजायची. तिची लेक तुळशी गोदूएवढी. ती आमच्यातच जेवायला बसायची, माझ्यातलंच खायची.

आणि जेवण झालं की पोरं मला घासायची. कशानं? किनाऱ्यावर फुकट मिळते त्या वाळूनं. आतून, बाहेरून, खसाखसा. गोदू आणि तुळशी यांच्यात पैजच लागायची, डबा कोण जास्त चमकवतं याची. मी उन्हात असा लखलखायचो की येणारी-जाणारी माणसं बघायची. बायजा कौतुकानं म्हणायची, "माजा डबा कसा सोन्यावानी!" मला केवढा माज चढायचा, मित्रांनो! वाळू माझं आतलं अस्तर दर रविवारी खरवडून नेत होती. मला ते जाणवत होतं. पण मी बाहेरच्या चमकेवरच खूश होतो, आणि बायजाही मला बाहेरूनच बघत होती. कल्हईवाला फिरत आला की ती म्हणायची, "औंदा राहू दे, चकाकतोय की चांगला."

तो शिमग्यानंतरचा रविवार. एरवी माझ्यात भाकऱ्या असायच्या. पण त्या सकाळी ताकाच्या मडक्याला चीर गेली. ताक वाया जाऊ नये, शिवाय उन्हाचे दिवस, पोरांना थंड काही हवं, म्हणून बायजानं सकाळीच ताकभात कालवला आणि माझ्यात भरला. भाकऱ्या फडक्यात बांधल्या. मी आतून उघडा पडलो होतो. ताक अंगाला लागलं तशी माझी आग झाली. ओरडता आलं असतं तर आळी गोळा केली असती. पण डब्याला तोंड असतं ते झाकणापुरतं.

दुपारपर्यंत भात कळकला. आई-बापांनी भाकरी आणि मासळी खाल्ली, थंड भात पोरांना ठेवला. नामा पहिल्याच घासाला म्हणाला, "आये, भाताला तांब्याचा पैसा चाटल्यावानी लागतंय."

"समिंदराचं पानी गेलं असंल तोंडात. खा गुमान," बायजा म्हणाली. गोदूनं खाल्ला. तुळशीनं दोन घास खाल्ले. नामाला भूक लागली होती, त्यानं जास्त खाल्ला.

परतीच्या वाटेवर अर्धा मैल आलो नाही तोच गोदू ओकायला लागली. मग नामा. नामा ओकून ओकून हिरवा पडला, बापाच्या खांद्यावर मान टाकली. उरलेला भात घाईघाईनं ओढ्यात फेकला गेला, माझ्यावर झाकण पडलं. आत काय रंग चढलाय ते कुणी बघितलं नाही. वैद्यबुवांनी विचारलं, "काय खाल्लं पोरांनी?" बायजा रडत म्हणाली, "मासळी, बुवा. केसरनं भाजलेली."

तीन दिवस नामाचा जीव वर-खाली होत होता. मी फळीवर बसून सगळं ऐकत होतो. चौथ्या दिवशी त्यानं पेज मागितली तेव्हा तुळशीरामानं, त्या चालून चालून कणखर झालेल्या माणसानं, भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

त्या आठवड्याच्या बाजाराला बायजा तडक केसरसमोर जाऊन उभी राहिली. रापणीची मासळी साऱ्यांनी खाल्ली होती आणि बाकी कुणाला काही झालं नव्हतं. म्हणून तिनं आपल्या मनाशी हिशेब जुळवला होता. भर बाजारात ती कडाडली, "माज्या पोरांचा ताजा वाटा ठेवून घेतलास आनि शिळी मासळी घातलीस! लेकरू मरत व्हतं माजं!"

केसर तशी तोंडाची फटकळ. पण त्या दिवशी ती गप्प राहिली. मान खाली घालून पाटीवरचं फडकं नीट करत बसली. गप्प राहिली म्हणजे चोरी कबूल, असं बाजारानं ठरवलं. तेव्हापासून तिच्यापुढे गिऱ्हाईक थांबेना. काळूरामाला राग आला. "पोरं खेळाया येतात नि आळ ठेवून जातात. बोर्लीच्या पोरांनी दोराला हात लावायचा न्हाय." झालं. आमच्याच नव्हे, साऱ्या गावच्या पोरांचे रविवार बंद झाले.

दोन महिने गेले. वैशाखात कल्हईवाले इस्माईलभाई आळीत भाता मांडून बसले. बायजानं मला नेऊन दिलं. त्यांनी झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि थबकले.

"वैनी, यात कल्हई नावाला नाही. वाळूनं घासता काय? आणि हा हिरवा गंज... आंबट घातलं होतंत यात?"

बायजाला त्या एका क्षणात सगळं कळलं. मडकं, ताकभात, नामाचा तो तांब्याचा पैसा, सगळं. ती म्हणाली, "चिच ठिवली व्हती. टाकून दिली."

"अल्लाची मेहरबानी. कुणी खाल्लं असतं तर घात झाला असता," इस्माईलभाई म्हणाले. त्यांनी नवसागर टाकला, कथील फिरवलं, आणि मी आतून चांदीसारखा झालो. बायजानं मला घरी आणलं, फळीवर ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मित्रांनो, मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या पुढच्या महिन्याची. पोरं आजारी पडली तेव्हा बायजाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. आणि दिवस कोणते? पावसाळ्याच्या बेगमीचे! याच दिवसांत घरोघरी सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवतात. एकदा होड्या वर ओढल्या की कोळ्यांच्या घरात या विक्रीवरच चूल पेटते. बायजाला हे काय कळत नव्हतं? पण ती बाजाराला जाताना मागच्या पाणंदीनं जायची, केसरची जागा लागू नये म्हणून. परत येऊन चुलीशी बसली की माझ्याकडे पाठ करायची. मी नवी कल्हई अंगावर घेऊन मिरवत होतो, आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

होड्या वर ओढण्याआधीचा शेवटचा बाजार आला. गूळ आणायला बायजानं मला घेतलं, नामाला बरोबर घेतलं. गुळाच्या दुकानाशी ती बोलत असताना नामा हात सोडून पळाला. थोड्या वेळानं पोरांचा गलका ऐकू आला. "शिळी केसर! शिळी केसर!" आठ-दहा पोरं नाचत होती. आणि पुढे होऊन त्यांना म्हणायला शिकवत होता तो आमचा नामा. ज्याच्या ओंजळीत ती मांदेली भाजून ठेवायची, तो.

बायजानं गूळ तिथंच टाकला. गर्दीतून गेली, नामाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मला केसरच्या पाटीपुढे ठेवलं.

"केसर, तुजी मासळी चांगली व्हती," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "ह्या डब्याला कल्हई नव्हती. त्याच्यात मी ताकभात घातला. पोरांना माज्या हातचं बाधलं. मी तुज्यावर आळ घेतला."

केसरनं मला उचलून आत बघितलं.

"माजी तुळशी पन त्याच सांजंला ओकत व्हती," ती हळूच म्हणाली. "म्हनून तर मी तवा काय बोलले न्हाय. मला वाटलं, कालची मासळी चुकून माज्याच हाताला लागली असंल. तीन म्हैने मी माज्या पोरीला माज्या हातानं मासळी भाजून दिली न्हाय गो." मग तिनं विचारलं, "तुला कदी कळलं?"

बायजाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "म्हैना झाला."

"म्हैना?" केसर म्हणाली. एवढंच. भांडली नाही, शिवी दिली नाही.

त्या दिवशी बायकांनी केसरकडून लाजेकाजेनं थोडं थोडं घेतलं. पण बहुतेकांच्या घरची बेगमी आधीच भरून झाली होती. संध्याकाळी ती पाट्या भरलेल्याच घेऊन गेली. तो पावसाळा तिच्या घरी कसा गेला, ते विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

पाऊस संपल्यावर काळूरामानं दोर मोकळा केला. पोरांचे रविवार परत आले. केसर पुन्हा तीन दगड मांडते, नामाची मांदेली भाजते, त्याला चिडवतेसुद्धा. जेवायला बसलं की बायजा माझं झाकण उघडते आणि आधी तुळशीला हाक मारते. केसर म्हणते, "नको गो, ती घरून जेवून आलीय." शांतपणे म्हणते, हसून म्हणते. मी दर वर्षी कल्हई करून घेतो, पोरांना वाळू लावू देत नाहीत. तरी चार वर्षं झाली, तुळशी दर रविवारी घरून जेवून येते.

आता शेजारीपाजारी स्टीलचे डबे आलेत. मला लवकरच मोडीत काढतील, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या राहू नयेत. मित्रांनो, भांडं घासताना आत डोकावून बघत जा. आणि कुणावर घेतलेला आळ खोटा आहे हे तुम्हाला ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी जाऊन सांगा. पुढच्या बाजाराची वाट बघू नका.