शेजारची जागा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. जनावरांच्या दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात, उपचारांच्या खोलीच्या दाराशी माझा मुक्काम असतो. माझ्या अंगावर नखांचे ओरखडे आहेत, डाव्या हातावर एका पोपटाने मन लावून केलेले कोरीवकाम आहे आणि एक पाय कुणा पिल्लाने कुरतडलेला आहे. ही सारी माझी मानचिन्हे!

मला घडवले तेव्हा सुतार मोठ्या ऐटीत म्हणाला होता, "हत्ती बसला तरी हलायचा नाही!" हत्ती काही आला नाही. पण मांडीवर आजारी मांजर घेतलेल्या आज्या आल्या, टोपलीत कासव घेऊन मुले आली. भेदरलेली कुत्री माझ्याखाली दडून बसत. "बाक भक्कम आहे हं," असे जो तो म्हणे आणि मी फुशारून जाई. मग चकचकीत खुर्च्या आल्या. गरज सरो, वैद्य मरो! दवाखान्यातच हा न्याय मला लागला. मला मागे टाकले आणि माझ्यावर बादल्या, ओली फडकी, फिनेलचे डबे येऊन बसले.

मागे आल्यावर मला एक गोष्ट दिसली. इथली माणसे जनावरांशी लाडीगोडीने बोलत आणि एकमेकांशी मात्र कामापुरते. "पट्टी दे." "पिंजरा धुतला?" संपले! डॉक्टरसाहेबांच्या हाताला गुण होता, पण पायाला भिंगरी होती. काउंटरवरची ताई दिवसभर फोनला जुंपलेली. नवी माणसे येत आणि कंटाळून जात. वर्षानुवर्षे टिकला तो जनावरे धरणारा एकटा मदतनीस, ज्याला सगळे पैलवान म्हणत. आडदांड, मिशाळ, अबोल. जनावर कितीही बिथरलेले असो, पैलवानाने दोन्ही हातांनी धरले की ते निवांत होई.

अशात नव्या व्यवस्थापक बाई आल्या. आधी त्या कापडाच्या दुकानाचा कारभार पाहत. आणि गंमत म्हणजे त्यांना कुत्र्यांची भीती वाटे! कुत्रे भुंकले की त्यांच्या हातातला चहा हिंदकळे. "वाघाच्या गुहेत शेळी आली गं बाई," ताई स्वतःशीच पुटपुटली.

बाईंनी माझ्यावरच्या बादल्या उतरवल्या, मला पुसले आणि चहाच्या वेळी एका कडेला बसल्या. शेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली. कुणी फिरकले नाही. "पाळत ठेवायला बसतात," अशी कुजबुज झाली. तरी बाई रोज बसत राहिल्या. हळूहळू ताई टेकू लागली. बाई विचारत, "आईचा गुडघा कसा आहे?" आणि मागच्या वेळी काय सांगितले होते, ते त्यांच्या बरोबर ध्यानात असे. ताई घडाघडा बोलू लागली. पैलवान मात्र म्हणे, "मी उभाच बरा."

एका दुपारी एक म्हातारे कुत्रे आले. त्याचा आजार बरा होणारा नव्हता, वेदना सोसवत नव्हत्या. घरच्यांनी जड मनाने त्याला सुई देऊन शांतपणे निरोप द्यायचे ठरवले. सारे आटोपले. घरची माणसे रडत गेली, डॉक्टरसाहेब पुढच्या रोग्याकडे वळले. पैलवान मागे आला, नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिला आणि प्रथमच माझ्यावर बसला, चहाला बसलेल्या बाईंच्या शेजारी.

"मॅडम, उद्यापासून मी येणार नाही."

मला वाटले, बाई कारण विचारतील. त्यांनी विचारले, "त्याचं नाव काय होतं?"

पैलवान चमकला. "भुंगा. एवढासा होता तेव्हापासून यायचा." मग त्याचा बांध फुटला. "सुई साहेब देतात. रडायला घरचे असतात. धरायला मी! शेवटचा श्वास माझ्या हातात जातो, मॅडम. आणि लगेच पुढचा पिंजरा. पैलवान, तुला काय होतं रे, असं आजवर कुणी विचारलं नाही."

तो डोंगराएवढा माणूस असा हुंदके देऊ लागला, की हत्ती बसला तरी न हलणारा मी हललो.

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मीही विचारलं नाही. चुकलंच माझं. जायचं की राहायचं, ते तुम्ही ठरवा. पण राहिलात, तर यापुढे तुम्ही एकटे धरणार नाही. मी येईन."

"तुम्ही? तुम्हाला तर भीती वाटते!"

"वाटते ना. पुष्कळ वाटते."

नाक पुसता पुसता पैलवान हसला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला.

पुन्हा तशी वेळ आली तेव्हा समोर केसाळ, भलेमोठे कुत्रे होते. दार उघडे होते, मी सगळे पाहिले. पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाई जमिनीवर बसल्या. पैलवानाने त्यांचा हात कुत्र्याच्या मानेवर ठेवला. "दाबू नका. नुसता असू द्या." हात थरथरत होता. कुत्र्याने मान वळवून तो हुंगला आणि त्यावरच डोके टेकले. थरथर थांबली. सुई हाती घेतलेले डॉक्टरसाहेब क्षणभर त्या दोघांकडे पाहतच राहिले. फोन वाजता सोडून ताई दारात येऊन उभी राहिली.

मित्रांनो, मी झाड होतो तेव्हा वादळे पाहिली, शेजारच्या झाडावर वीज कोसळताना पाहिली. पण त्या खोलीतल्या शांततेने माझे जुने लाकूड जसे शहारले, तसे ते तेव्हाही शहारले नव्हते. माणसे इतकी मोठी होऊ शकतात, हे मला ठाऊकच नव्हते!

नंतर पैलवान आणि बाई माझ्यावर येऊन बसले. मागोमाग डॉक्टरसाहेब आले. कधी नव्हे ते थांबले. "मी बसू का?"

"बसा की साहेब," पैलवान सरकला.

साहेब आपल्या बोटांकडे पाहत म्हणाले, "सुई दिल्यावर माझेही हात कापतात रे. कधी बोललो नाही."

आता चहाच्या वेळी माझ्यावर दाटीवाटी होते. बाई अजूनही भुंकणे ऐकून दचकतात आणि सगळे खदखदून हसतात, बाईसुद्धा.

मित्रांनो, मला रंग लावा, माझे खिळे ठोका, असा हट्ट मी धरत नाही. मुक्या जनावराला जपता, तसे बोलत्या माणसालाही जपा. त्यालाही सगळेच सांगता येत नाही. त्याच्या शेजारी बसा, विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर लगेच उठू नका.