उंटापुढचं प्यादं

शिवणाचं दुकान बंद पडल्यावर बाबांनी बुद्धिबळाचा पट बाहेर काढला. त्यांची सुरुवात एकच. आधी राजापुढचं प्यादं दोन घरं, मग शेजारचं उंटापुढचं प्यादं सरळ समोरच्याला देऊन टाकायचं आणि तुटून पडायचं. "घे रे, फुकटचं आहे!" असं ते काकांना डिवचायचे. बस चालवून दमलेले काका ते प्यादं घ्यायचे आणि दर सुट्टीला हरायचे. त्या दिवशी बाबा जेवताना दोनदा भात मागून घ्यायचे. मीही तीच सुरुवात शिकले. बापाची लेक, दुसरं काय शिकणार!

निवड स्पर्धेची शेवटची फेरी होती. जिंकले तर संघात जागा मिळणार होती. बाबा आणि काका दोरीपलीकडे उभे होते. मी प्यादं दिलं, समोरच्या चष्मेवालीने घेतलं. मी घोडा काढला. तिने शांतपणे वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. घेतलेलं परत द्यायला ती तयार होती, बदल्यात तिची सगळी फौज मोकळी होणार होती. ही चाल मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पुढच्या चुका माझ्याच, पण घाम तिथेच फुटला. हरले.

बाहेर बाकावर बाबा तणतणत होते. "असलं कोण खेळतं? हा इतकी वर्षं खेळतोय, याने कधी केलं का असं?"

काका बुटांकडे बघत म्हणाले, "मला माहीत होती ती चाल, दादा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. डेपोत सगळे हीच खेळतात. पण तू जिंकलास की दोन घास नीट खायचास, म्हणून गप्प बसलो. पोरगीही तेच शिकतेय, दिसत होतं रे. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्यामुळे गेली गं तुझी जागा."

मला रडू आवरेना. रागवायचं तरी कोणावर? एकाने माया केली, दुसऱ्याने विश्वास ठेवला, आणि वाट माझी लागली.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हिचं काय, ही पुढच्या वर्षी जिंकेल," ते म्हणाले. मग काकांकडे न बघता हळूच विचारलं, "मी एकदा तरी खरा जिंकलो होतो का रे?"

काका आठवत राहिले.