उंबऱ्यावरची कुर्र

"आजी, आत्या शिंकली! रिक्षातून उतरली अन् लगेच दोनदा!"

साई धापा टाकत पडवीत आली. सात वर्षांच्या साईला आजीने सकाळीच एक काम नेमून दिले होते. बारशाला येणाऱ्यांपैकी कोण शिंकते, कोण खोकते, ते पाहायचे आणि आजीच्या कानात सांगायचे. कानात सांगायचे हे साई विसरली होती. अंगणात बसलेल्या बायांनी ते ऐकले आणि त्या हसल्या.

नवसाबाईची सुई शेवंतीत अडकून राहिली. मखमलाबादच्या त्या मळ्यात ती चाळीस वर्षे हार ओवत होती. रोज पहाटे ओवलेले हार तिचा नवरा भिमाजी सायकलवरून पंचवटीत देवळांकडे पोचवायचा. ओवताना नवसाबाई नाकातोंडावर धुवट फडके बांधायची. देवाच्या फुलावर आपला श्वास पडू नये, ही तिच्या सासूची शिकवण होती. फूल हुंगायचे तर नावच नको.

"आजी, शेवंतीचा वास कसा असतो, तुला माहीत हाय का?" साई कधीतरी विचारायची.

"नाय बाई. देवाचं फूल हुंगलं का उष्टं व्हतं."

आतल्या खोलीत पाळण्यात सव्वा महिन्याचे बाळ होते. ते वेळेआधीच जन्मले होते, पावणेदोन किलोचे. वीस दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होते. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या आईला, मनीषाला, आणि नवसाबाईला समोर बसवून सांगितले होते, "थंडीचे दिवस आहेत. तुमच्या साध्या सर्दीने याला न्यूमोनिया होऊ शकतो. सर्दीवाल्याने जवळ जायचं नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी शिवायचं नाही."

त्या वेळी नवसाबाईलाच खोकला होता. खोकला थांबून आता चार दिवस झाले होते, पण अजून तिने नातवाला हातात घेतले नव्हते. ती दारातून बघायची.

नवसाबाईची लेक प्रतिभा अंगणात आली. घोटीहून ती एसटीने आली होती, हातात लोकरीचे टोपडे आणि झबले. नाक लाल झाले होते.

"कुठंय माझा भाचा? कुर्र करायला आत्या आली, म्हणा त्याला!"

मनीषा आतून दारात येऊन उभी राहिली. नणंदेला बाळाजवळ येऊ नका म्हणण्याची सुनेची छाती नव्हती. तिने फक्त सासूकडे पाहिले.

"प्रतिभा, थांब तिथंच," नवसाबाई म्हणाली. "सर्दी झालीय तुला."

"सर्दी कुठली? भाताच्या गिरणीची धूळ हाय ती. घोटीत सगळेच शिंकतात."

"अंग दाखव." नवसाबाईने तिच्या मानेला हात लावला. "कढत हाय."

"आई, मी काय परकी हाय का? नाव आत्यानं ठेवायचं असतं. मी नाय तर कोण, शेजारीण ठेवणार का?" प्रतिभाचा आवाज चिरकला. "मागच्या वक्ताला साईच्या कानात मीच कुर्र केलं. तेव्हा नाय कुणी मान तपासली!"

"आगं, एका कुर्रनं काय व्हतंय?" भिमाजी पुटपुटला. लेकीचा पडलेला चेहरा त्याला बघवत नव्हता.

शेजारच्या कुसाबाईने संधी साधली. "आमच्या वक्ताला असलं काय नव्हतं, बया. शेंबडी माणसं घरभर फिरायची. वाढलीच ना लेकरं?"

"जी वाढली तीच तू मोजतीस, कुसाबाई," नवसाबाई म्हणाली.

प्रतिभाच्या आधी या घरात एक मुलगा झाला होता. बारशानंतर नऊ दिवसांनी छाती भरून तो गेला. भिमाजीने मान खाली घातली आणि टोपी उगीच सारखी केली.

नवसाबाई लेकीसमोर बसली. आता तिचा आवाज खाली आला होता.

"मी अजून हातात घेतला नाय त्याला."

"तू? पंधरा दिवस झाले की घरी आणून."

"दारातून बघते. तो रडला का माझे हात आपोआप उठत्यात, मग पदरात गुंडाळून ठेवते." तिने लेकीकडे पाहिले. "तू परकी असतीस तर मी खोटं बोलले असते. म्हणले असते, बाळ झोपलंय. तू माझी हायेस म्हणून खरं सांगते."

प्रतिभाने नाक पुसले. सर्दीमुळे की कशामुळे, ते कळले नाही.

"मग नाव?"

"नाव तूच ठेवायचं."

नवसाबाईने पेटीतून धुतलेले फडके काढले आणि हार ओवताना स्वतःला बांधायची तसेच लेकीच्या नाकातोंडाला बांधले. रांजणाशी नेऊन तिला साबणाने हात धुवायला लावले. बोटांच्या बेचकातूनही घासायचे, हे साईने आत्याला करून दाखवले. "वीस आकडे मोजायचे, आत्या. तू दहालाच थांबलीस!"

मग पाळण्याला लांब दोरी बांधली गेली. दोरीचे टोक खोलीच्या उंबऱ्यावर आले आणि तिथे पाट मांडून प्रतिभाला बसवले. तिथून पाळणा हलवायचा आणि तिथूनच कुर्र करायचे. बायका आत्याच्या पाठीवर धपाटे घालायला मागे जमल्या.

"एवढ्या लांबून त्याला ऐकू येईल का?" प्रतिभा फडक्याआडून म्हणाली.

"तुझा आवाज घोटीहून येतो, इथून नाय का येणार?" भिमाजी म्हणाला, आणि पहिल्यांदा सगळे मोकळे हसले.

"कुर्रर्र... समर्थ!"

धपाधप धपाटे पडले. कुसाबाईचा धपाटा सगळ्यांत जोरात होता. त्याबरोबर प्रतिभाला जी शिंक आली, तिने पाट सरकला. एक, दोन, तीन. फडके ओलेचिंब झाले. पाळण्यातला समर्थ मात्र दोरीच्या हेलकाव्यावर हात हलवत पडून होता.

प्रतिभाने फडक्याला हात लावून पाहिले. मग पाळण्याकडे पाहिले. "आई," ती हळूच म्हणाली, "मी त्याच्या कानाशी वाकणार होते गं."

घुगऱ्या तिने अंगणातच खाल्ल्या. कुणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात घोटीहून फोन आला. प्रतिभा, जावई, दोन्ही पोरे, सगळे तापाने अंथरुणाला खिळले होते. नवसाबाई दर तासाला पाळण्याकडे येऊन समर्थचा श्वास पाहू लागली. तोंडाला फडके बांधून, दोन हात लांबून.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला. भिमाजी सायकल टाकून आत आला तोच सांगत, "उठली प्रतिभा! पोरंबी खेळायला लागली. म्हणाली, आईला सांगा, तिचं फडकं मी देत नाय. घरात सगळ्यांना शिवलीत तसली."

त्याच सकाळी दवाखान्याच्या काट्यावर समर्थ अडीच किलो भरला होता. छाती स्वच्छ आहे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नवसाबाईकडे पाहून त्यांनी विचारले, "आजीबाई, खोकला थांबून किती दिवस झाले?"

"बारा."

"मग घ्या की आता."

घरी येऊन नवसाबाईने हात धुतले. साईने शेजारी उभे राहून वीस मोजले, तरी आजी धूतच राहिली. मग ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली आणि मनीषाने बाळ तिच्या मांडीवर ठेवले.

नवसाबाईने त्याला आधी नुसते पाहिले. ऊन दारातून पायांपर्यंत आले होते. मग ती वाकली आणि टाळूशी नाक नेऊन तिने खोल श्वास घेतला. तेलाचा, धुरीचा, दुधाचा वास.

"आजी!" साई ओरडली. "तू हुंगलंस! आता उष्टं झालं ना?"

नवसाबाईने पुन्हा एकदा हुंगले.