संत्र्याखालची पाचवी

गुणवंताला आजही कोणी विचारलं, बावा, तुझ्या जिंदगीतलं सगळ्यात भारी वरीस कोणतं, तर तो कोरोनाचं वरीस सांगतो आणि शिव्या खातो. खाऊ द्या. त्या वर्षी लोकांची माणसं गेली, हे काय त्याला ठाऊक नाही? त्याचा स्वतःचा मावसभाऊ दुसऱ्या लाटेत गेला. पण खोटं कशाला बोलायचं? त्या वर्षी मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, तिगावजवळच्या त्याच्या संत्र्याच्या बगीच्यात शाळा भरायची. शाळेत पोरगी एक आणि मास्तर गुणवंता. सहावीतून पळालेला माणूस मास्तर झाला होता, सांगा आता!

झालं असं, की वीस सालच्या जुलैतही शाळा काही उघडेनात. तेव्हा भोपाळहून फर्मान निघालं, की आता घर हीच शाळा समजा. सकाळी दहाला आईबापानं थाळी वाजवायची की शाळा भरली. बाकीचं मोबाईलवर येईल. आता गुणवंताच्या घरी नेट चालणारा मोबाईल एकच, तोही बायकोचा, विजयाचा. आणि विजया गावची आशा ताई. तोंडाला मास्क लावून, बोटाला लावायची ऑक्सिजनची चिमटी आणि मोबाईल घेऊन ती सकाळी नऊला घरोघरी ताप-खोकला विचारत निघायची, ती चारला परत यायची. म्हणजे पाचवीतल्या हिमानीचा अभ्यास दिवसभर गावात हिंडायचा आणि हिमानी घरी माश्या मारत बसायची.

"अजी, पोरीकडं ध्यान द्या जरासं," पहिल्याच दिवशी विजया दारातून म्हणाली. "मी एकटी कुठं कुठं पाहू? दोन घंटे तं बसवा तिले."

"मी कायले बसवू? मले का येते त्यातलं?"

"थाळी तं वाजवता येते नं!"

येते म्हणून त्यानं वाजवली. काशाची जुनी थाळी अंगणात धरली आणि उलथण्यानं चांगली बदडली. दोन मिनिटं झाली नसतील, शेजारची पंचफुला मावशी पदर सावरत धावत आली. तिच्यामागं आणखी दोघी.

"काऊन रे गुणवंता, पोरगा झाला का कोणाले? विजया तं पोटुशी दिसत नव्हती बाप्पा!"

त्यांचीही चूक नव्हती. मार्चातली कोरोनाची थाळी सोडली, तर गावात थाळी वाजायची ती फक्त पोरगा झाल्यावर. गुणवंताला कुठं तोंड लपवू असं झालं. "अवं मावशी, शाळा भरली," तो म्हणाला. मावशी तोंडाला पदर लावून हसत हसत परत गेली आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तिनं गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवली.

हिमानी मात्र हसली नाही. दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "बाबा, माह्या वख्ती वाजवली होती का?"

वाजवली नव्हती. पोरगी झाली म्हणून त्याची आई गप्प बसली होती आणि गुणवंता स्वतः झाडांना पाणी द्यायचं निमित्त करून बगीच्यात निघून गेला होता. दहा वर्षांत त्याला ते कधी आठवलंही नव्हतं. त्यानं थाळी पुन्हा उचलली आणि अशी बडवली, की मावशी पलीकडून ओरडली, "आता तं जुळे झाले वाटते!"

तेव्हापासून रोज दहाला तो थाळी वाजवू लागला. एक दिवस चुकला नाही.

पण थाळीनं काही शिकवणं होत नाही. पुस्तक उघडून बसवलं की पोरगी विचारायची आणि बाप आढ्याकडं बघायचा. मग कळलं, की अकरा वाजता आकाशवाणीवर शाळेचा कार्यक्रम लागतो. गुणवंताजवळ रेडिओ होता, पण तो बगीच्यात टांगलेला. माणसाचा आवाज आला की वांदरं दूर राहतात, म्हणून रेडिओ दिवसभर झाडावर बोलत असे. घरी आणला तर वांदरांनी बगीचा साफ केला असता. मग काय, शाळाच बगीच्यात नेली. विहिरीजवळच्या मोठ्या संत्र्याखाली पोतं अंथरलं, हिमानी पोत्यावर, गुणवंता खाली मातीत.

रेडिओवरच्या बाई हिंदीत बोलायच्या आणि हिमानीची शाळा मराठी. बाई म्हणायच्या 'भिन्न', पुस्तकात असायचा 'अपूर्णांक'. पोरगी बापाच्या तोंडाकडं बघायची. बापाला हिंदी यायची, पांढुर्ण्याच्या बाजारात तीच तर चालते. तो ऐकायचा, डोकं खाजवायचा आणि मग झाडाचं संत्रं तोडून सोलायचा.

"हे पाय. दहा फोडी. तीन तू खाल्ल्या. किती राहिल्या?"

"सात."

"मंग तू खाल्लं तीन दशांश. समजलं?"

"समजलं. बाबा, हिरवं हाये, आंबट लागून राहिलं."

"खाय मुकाट्यानं. शिक्षणाले आंबट-गोड पाहाचं नसते."

हळूहळू त्यालाच गोडी लागली. सकाळी फवारणी लवकर उरकून तो अकराच्या आत हातपाय धुऊन तयार. संध्याकाळी विजया आली की हिमानीच्या वहीचे फोटो शाळेच्या बाईंना पाठवले जायचे आणि बाईंचं उत्तर येईपर्यंत गुणवंताच अंगणात येरझारा घालायचा, जणू पेपर त्याचाच होता.

एकदा बाईंचा फोनच आला. शेकडेवारीची सगळी गणितं चुकली होती, आणि सगळी सारखीच. गुणवंताच्या घरी आजोबांपासूनची पद्धत, की शेकडा मोजला की वर चार फळं टाकायची, डागी निघाली तर माल घेणाऱ्याचं नुकसान नको. त्यानं पोरीला छातीठोकपणे शिकवलं होतं, शेकडा म्हणजे एकशे चार. "अहो, गणितातली फळं डागी नसतात," बाई म्हणाल्या आणि हसू आवरेना म्हणून त्यांनी फोन ठेवला. विजयानं कपाळावर हात मारला. बापलेक एकमेकांकडं बघून असे खिदळले, की शेवटी तीही हसली.

ते दिवसच तसे होते. शेंगदाण्याची चटणी आणि भाकर संत्र्याखालीच खायची, पाढे म्हणता म्हणता पाण्याचं दार बदलून ते पुढच्या आळ्यात सोडायचं. त्याआधी दहा वर्षं पोरगी त्याच्याच घरात वाढली होती, पण ती बोलताना डाव्या हाताच्या बोटांवर मोजते, चिडली की नाकाचा शेंडा लाल होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

याच मास्तरकीत घोळ झाला. विजयानं हिमानीचा नवोदयचा फॉर्म भरला होता. सहावीपासून बारावीपर्यंत वसतिगृहात राहून फुकट शिक्षण, गावातून आजवर कोणी गेलं नव्हतं. "माही पोरगी जाईन," विजया म्हणायची. परीक्षा पुढं ढकलत ढकलत एकवीसच्या ऑगस्टपर्यंत गेली. तोवर हिमानी इतकी तयार झाली, की बाई म्हणाल्या, हिचा नंबर लागणारच.

आणि गुणवंताला झोप लागेना. पोरगी पास झाली म्हणजे गेली. ज्या अभ्यासासाठी तो जीव काढत होता, तोच अभ्यास तिला घेऊन जाणार होता. हे त्याला इतक्या उशिरा समजलं, याचा त्याला स्वतःचाच राग आला.

परीक्षेच्या आठवड्यात दादाराव छाटणीला आला होता. जुना गडी, तोंडाचा मोकळा. "पोरगी जाऊन राहिली म्हणते तुही," तो म्हणाला.

"गेली तं मी कोणाले शिकवू रे? वांदरांले?" गुणवंता म्हणाला आणि हसला. हसला, पण त्याचा आवाज फाटला. दादाराव खाली बघून फांद्या गोळा करू लागला. हिमानी चार झाडं पलीकडं पुस्तक घेऊन बसली होती.

परीक्षा सौसरला होती, बरोबर उत्तराचा गोळा पेनानं भरायची. मोटरसायकलवर पोरीला मागं बसवून गुणवंता पहाटेच निघाला. वाटेत जामसांवलीला थांबला, मारुतीपुढं हात जोडले. हिला पास कर, इतकंच म्हणायचं होतं. त्याच्या तोंडून ते निघालं नाही. 'देवा, तुले जे बरं वाटन ते कर,' असं पुटपुटून तो उठला. बापानं पोरीसाठी मागायचं सोडून देवावर ढकललं, ही लाज त्याच्या मनातून अजून गेलेली नाही.

पेपर सुटला. पोरं बाहेर आली, हिमानीही आली, चेहरा शांत. बसस्टँडजवळ त्यानं तिला आलुबोंडा घेऊन दिला. अर्धा खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, शेवटचे वीस गोळे मी भरलेच नाही."

"काऊन? टाइम नाही भेटला?"

"टाइम होता."

"येत नव्हते?"

"येत होते." ती बोंड्याचा मसाला बोटानं कोरत होती. "मी गेली तं तुमी कोणाले शिकवान? वांदरांले?"

आधी त्याला आनंद झाला. हो, आनंदच, पोटातून उसळून आलेला. पोरगी राहणार! मग त्यानं तिच्याकडं पाहिलं. दहा-अकरा वर्षांचं लेकरू बापाला सांभाळायला निघालं होतं, आपल्या हातानं आपलं दार लावून आलं होतं. गुणवंताला आपण उभे आहोत तिथंच मातीत जावं असं वाटलं.

घरी येऊन त्यानं विजयाला सगळं सांगितलं, स्वतःचं बोलणंसुद्धा लपवलं नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना ती एवढंच म्हणाली, "पोरीले पुढं लोटाचं सोडून धरून ठेवलं तुमी." निकालात हिमानीचं नाव नव्हतं, ते तिघांनाही आधीच माहीत होतं.

सप्टेंबरात शाळा उघडल्या. हिमानी दप्तर घेऊन गेली आणि बगीचा सुना झाला. अकरा वाजले की गुणवंताचे पाय आपसूक विहिरीकडं वळायचे. काय दिवस होते ते, असं तो दादारावला म्हणायचा, आणि म्हणता म्हणता ते वीस कोरे गोळे त्याच्या डोळ्यांपुढं यायचे.

हिमानी आठवीत गेली तेव्हा कळलं, नवोदयात नववीलाही थोड्या जागा असतात. यावेळी विजयानं काही म्हणायच्या आत गुणवंताच पांढुर्ण्याला जाऊन फॉर्म भरून आला. हिमानीनं अभ्यास केला, पण ओठ मिटून. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी ती थांबली. उंचीनं बापाच्या खांद्याला आली होती.

"एकही गोळा सोडू नको," तो म्हणाला.

"मंग तुमाले करमन का?"

या एका प्रश्नाचं उत्तर तो अडीच वर्षं जुळवत होता. करमेल, मजेत राहीन, माझी चिंता करू नको, अशी किती तरी वाक्यं त्यानं पाठ केली होती. ऐन वेळी त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"नाही करमणार," गुणवंता म्हणाला. "बिलकूल नाही करमणार. लय आठवण येईन तुही. तरी तू जाय. मास्तरानंच पोरीले वर्गात अडकवून ठेवलं, तं तो मास्तर कायचा? माह्याजवळचं सरलं, माय. पुढचं तिथं हाये."

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ती आत गेली.

अडीच तास तो फाटकासमोर उभा होता. चहासुद्धा घेतला नाही. घंटा झाली, पोरं हसत, उत्तरं जुळवत बाहेर आली. सगळ्यांच्या मागून हिमानी आली, ओढणीनं डोळे पुसत, हुंदके देत. बाजूचा एक बाप हळहळला, "अरेरे, पेपर खराब गेला वाटते पोरीचा."

"नाही," गुणवंता म्हणाला. "सगळे गोळे भरून आली." आणि तोही रडू लागला.