शेजारच्या पेटीतली संगीन

मी एक जुना खंजीर आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. या संग्रहालयात येणारे सगळेच माझ्यापुढे नाक मुरडतात आणि शेजारच्या काचपेटीतल्या संगिनीपुढे ताठ उभे राहून सलाम ठोकतात. ती माझी सख्खी बहीण! एकाच लोहाराने एकाच पोलादी पट्टीतून आम्हा दोघांना घडवले. ती एका सैनिकाच्या बंदुकीच्या टोकाला चढली. मी एका माणसाच्या अस्तनीत शिरलो.

धार विचाराल तर माझीच सरस. शिवाय तिने लढाईत कितीतरी माणसे मारली, मी फक्त एक न्यायाधीश मारला. तरीही मान तिलाच! माझा किती जळफळाट व्हायचा, काही विचारू नका.

एकदा साफसफाईच्या मावशींनी आम्हा दोघांना तेल लावायला एकाच फडक्यावर ठेवले. बोलण्याच्या नादात त्यांच्याकडून आमची अदलाबदल झाली, आणि मी थेट तिच्या मखमलीवर! सकाळी शाळेची मुले आली. माझ्यापुढे सलाम, आणि बहिणीकडे बघून "शी!" मला मनातून उकळ्या फुटत होत्या. स्वर्ग दोन बोटे उरला होता.

तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा आले. त्यांनी चष्मा पुसून मला नीट न्याहाळले.

"मावशी, ही माझी संगीन नव्हे. माझी तिकडे आहे."

"अगं बाई! चुकलंच की माझं," म्हणत मावशींनी जीभ चावली आणि त्या किल्ल्या शोधू लागल्या.

एका मुलीने धीर करून विचारले, "आजोबा, तुम्ही सैनिक होता? पण मग या दोन्ही शस्त्रांनी माणसंच मारली ना? फरक काय?"

मी कान टवकारले. हा तर माझाच प्रश्न होता.

"बाळ, माझ्यासमोरचा मला बघत होता," आजोबा म्हणाले. "मी कशाला आलोय, ते माझ्या गणवेशावरूनच त्याला कळत होतं. त्याच्याही हातात शस्त्र होतं. ज्यांनी हात वर केले, त्यांना आम्ही पाणी पाजलं. थांबायचा हुकूम आला, तेव्हा थांबलो." मग त्यांचा आवाज उतरला. "तरी हिला सलाम नको करूस गं. त्या समोरच्या पोराचा चेहरा अजून मला झोपू देत नाही."

मावशींनी मला उचलून माझ्या पेटीत ठेवले, तेव्हा मला तो न्यायाधीश आठवला. त्याच्या दारात तक्रारी घेऊन आलेल्यांची रांग होती. माझा मालकही त्याच रांगेत गरीब चेहरा करून उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा न्यायाधीशाने स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली आणि म्हटले, "बसा ना, दमला असाल." न्यायाधीश हसत होता. त्याच्या हातात काहीच नव्हते.

त्या रात्री माझ्या मालकाने माझ्यावरचे रक्त पुसले, पोटभर जेवला आणि घोरत झोपला.

मित्रांनो, कोणी तुमच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, तर रिकाम्या हातांनी बसा. बाकी, हेवा माझा अजून गेलेला नाही. पण आता तो तिच्या सलामाचा नाही. तिला एक असा माणूस मिळाला, ज्याला झोप लागत नाही. मला तसा मिळाला नाही.