आवाज पुढून येत होता

"खडूच्या रेघेवरून नजर हलवू नकोस," पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला साबिरकुल बायकोला म्हणाला.

"नाही हलवत. पण दूध उतू गेलं तर मला बोलायचं नाही," मागच्या चाकाशी बसलेल्या बुरमाकानने आधीच बजावलं.

जुन्या रशियन जीपची उजवी दोन्ही चाकं जॅकवर उचललेली होती. दोन्ही टायरांच्या माथ्यावर खडूची रेघ, आणि चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा टाकलेला. पुढचं चाक हाताने फिरवलं की मागच्याने त्याच्या बरोबरीने फिरायचं. एवढी साधी परीक्षा! पण ती घ्यायला या शहाण्याला एक अख्खा हिवाळा आणि एक पोरगा घालवावा लागला.

गेल्या वर्षी पहिलं बर्फ पडलं, घाटात त्याने फोर-व्हील टाकली आणि गाडीखाली कुणी घण घालावा तसा आवाज सुरू झाला. टू-व्हीलवर गाडी अगदी गुणाची. फोर-व्हील टाकली की धाडधाड, आणि बर्फ संपून कोरडा रस्ता लागला की वळणावर जागीच अडायची. साबिरकुलने शाफ्टचे जॉइंट बदलले, बेअरिंगं बदलली, मधली गिअरपेटी उतरवून पुन्हा चढवली. पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांमधल्या दातेरी पेटीला, मात्र हात लावला नाही. तिथलं तेल-सील त्याआधीच्या उन्हाळ्यात ताश्तानने बदललं होतं.

ताश्तान गावातला मेकॅनिक आणि त्याचा कुरदाश, म्हणजे एका वयाचा सवंगडी. कुरदाशाने चारचौघांत टोपी उडवली तरी हसायचं, न विचारता घोडा नेला तरी रागवायचं नाही. त्याने केलेलं काम उघडून तपासायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणंच की!

त्या हिवाळ्यात याच घरात, जेवणासाठी अंथरलेल्या याच दस्तरखानाशी मांडी घालून ताश्तान म्हणाला होता, "तुझ्या पोराने कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून पळवली असणार. तरणं रक्त, दुसरं काय!"

"बाबा, आवाज पुढून येतोय," एल्मिर म्हणाला होता. "एकदा पुढचं उघडून तर बघा."

"गाडीची वाट लावलीस आणि वर ताश्तानकाकाच्या कामाला नावं ठेवतोस?" साबिरकुलने पाहुण्यादेखत त्याच्या हातातून किल्ली हिसकावली होती. वसंतात पोरगा रशियाला निघून गेला. फोन करायचा तो आईला.

साबिरकुलने आता पुढचं चाक हळूहळू फिरवलं. रेघ खाली गेली, फिरून वर आली.

"तुझी आली?"

"नाही अजून."

"नीट बघ गं!"

"डोळे आहेत मला! मागेच राहिली आहे."

त्याने पुन्हा फिरवलं. या वेळी ती आणखी मागे राहिली. पुढच्या डिफरन्शियलचे दात मागच्याच्या जोडीचे नव्हते. त्याचं डिफरन्शियल काढून कुणीतरी भलतंच बसवलं होतं, आणि तिथे हात लागला होता तो एकाच माणसाचा. साबिरकुलने जॅक उतरवले आणि तो तडक ताश्तानच्या घरी गेला.

ताश्तान अंगणात स्वतःची जीप धूत होता. "या, म्हातारबा! तोंड असं का, कबर खणायला निघालास की काय?" त्याने नेहमीसारखी थट्टा केली.

"माझं डिफरन्शियल तुझ्या गाडीत आहे?"

ताश्तानच्या हातातलं फडकं थांबलं. "ऐन हंगामात माझं फुटलं रे, म्हणून तुझं घेतलं आणि तुझ्यात एक जुनं बसवलं. वाटलं, तू उन्हाळ्यात फोर-व्हील टाकतोस कुठे? बर्फाआधी परत बसवीन म्हटलं. राहून गेलं. अरे, कुरदाश ना आपण?"

"नेलंस ते नेलंस. सांगितलं असतंस तर मीच काढून दिलं असतं. आवाज यायला लागला तेव्हा का नाही बोललास?"

"धाडस झालं नाही."

"आणि माझ्या पोराचं नाव घ्यायचं धाडस झालं?"

ताश्तानने फडकं बादलीत टाकलं. मग घाईघाईने म्हणाला, "आजच काढून देतो. आत्ता लगेच."

"ते देशील रे. माझा पोरगा कुठून काढून देशील?" साबिरकुलचा आवाज फाटला. "माझ्या घरात, माझी भाकर खाऊन बोललास तू!"

तो वळला तसा ताश्तान घरात धावला आणि नान घेऊन आला. दारात आलेल्याने घाईत असलं तरी एक तुकडा मोडून तोंडात टाकायचा, मगच जायचं. या खोऱ्यात वैरीसुद्धा एवढं पाळतो. "तुकडा तरी मोड," ताश्तान म्हणाला. साबिरकुलने नानकडे पाहिलं आणि तो फाटकातून बाहेर पडला. हातात नान धरून ताश्तान तिथेच उभा राहिला.

"नान तरी चाखलंस ना?" घरी बुरमाकानने विचारलं.

"नाही."

तिने पोराचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"आई?" पलीकडे गोदामातला गोंगाट होता.

"मी आहे. आवाज पुढूनच येत होता, बाळा. तुझं खरं होतं."

पलीकडे यंत्रं चालूच होती.

"कामावर आहे, बाबा," तो म्हणाला. "ठेवतो."

फोन बंद झाला. बुरमाकानने चहा ओतला. साबिरकुल फोन कानाला लावून तसाच बसून राहिला.