नूरुद्दीनचं मत

“हात वरच ठेवा रे, मोजून झालं नाय अजून,” अन्वर म्हणाला आणि पेन्सिलीचं टोक हवेत फिरवत एकेक हात टिपत पुढे सरकला. चटईवर बसलेल्या निम्म्याहून जास्त माणसांचे हात वर होते. नूरुद्दीनचे मात्र दोन्ही हात मांडीवर होते, एकावर एक ठेवलेले. जुम्म्याच्या नमाजला जाण्याआधी त्याने ते साबणाने घासघासून धुतले होते, तरी नखांतलं ग्रीस निघालं नव्हतं.

“आठ,” अन्वर म्हणाला. “आता जमालचाचांच्या बाजूने कोण?”

चार हात वर झाले.

“आणि नूरूभाय, तुम्ही?”

“मी कुठेच नाय,” नूरुद्दीन म्हणाला. “मला सोडून मोजा.”

ही चौसष्ट सालची गोष्ट. दुबईच्या खाडीवरचा पूल तेव्हा नवा होता आणि देरा भागातल्या त्या माडीवरचा विजेचा पंखाही नवाच. पिण्याचं पाणी गाढवांच्या पाठीवरून यायचं, आणि ते आणणारा म्हातारा खालूनच अशी हाक द्यायचा, की झोपलेला माणूस दचकून उठावा. रत्नागिरीकडच्या वेळशी गावची चौदा माणसं एका गोदामावरच्या या माडीत राहायची, एकाच डेगचीतलं जेवायची, आणि दर जुम्म्याला दुपारी चटई अंथरून इथूनच गावचा कारभार बघायची. मशिदीचं छप्पर कधी शाकारायचं, मदरशाला उस्ताद कोण आणायचा, विहिरीवर रहाट की पंप, सगळं या चटईवर ठरायचं. पुढे यातली माणसं पांगली. कुणी शारजाला बिऱ्हाड केलं, कुणी कुवेतला गेलं, कुणी कायमचं घरी परतलं. पण कुणीही कुणाला कुठेही भेटलं, की बोलणं फिरून त्या चटईवरच यायचं.

गावकऱ्यांच्या या जमातीचे नियम अन्वरने लिहिले होते. तो एका शिपिंग ऑफिसात कारकून होता, आणि मॅट्रिकला नागरिकशास्त्रात वाचलेली एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली होती. काही देशांत सभागृहाने मंजूर केलेल्या कायद्याला राष्ट्राध्यक्ष नकार देऊ शकतो, आणि सभागृहाला तो नकार दोन-तृतीयांश मतांनी मोडून काढता येतो. अन्वरला यात मोठा न्याय दिसला होता. म्हणून त्याने सदराला, म्हणजे जमातीच्या अध्यक्षाला, नकाराचा हक्क दिला आणि जमातीला तो नकार मोडण्याचा. आजवर दोन्हींपैकी एकाचीही गरज पडली नव्हती.

आज पडली होती ती लाँचसाठी.

वेळशी गाव तिथल्या खाडीच्या अलीकडे. दवाखाना, बाजार, मोटारस्टँड सगळं पलीकडे. मधे एक वल्ह्यांची होडी, आणि ती चालवायचा नूरुद्दीनचा थोरला भाऊ अजीज. त्याच्याआधी बाप चालवायचा, बापाआधी आजा. भरतीला पलीकडे पोचायला पान चघळून होईपर्यंतचा वेळ लागायचा. पण ओहोटी जोरात असली, की पाणी होडीला समुद्राच्या तोंडाकडे ओढायचं. आदल्या पावसाळ्यात अशाच ओहोटीला माडीवरच्या तय्यबची बायको रुकय्या त्या होडीत होती, कळा सुरू झालेल्या. अजीजने हातांची सालं निघेपर्यंत वल्ही मारली. होडी पलीकडे लागली, रुकय्या वाचली. मूल वाचलं नाही.

तय्यबने अजीजला कधी बोल लावला नाही. “त्याचा काय दोष?” तो म्हणायचा. “माणूस आहे तो, इंजिन नाय.” आणि म्हणूनच त्याने जमातीसमोर गोष्ट ठेवली: गावाला इंजिनाची लाँच पाहिजे. बहुतेकांनी माना डोलावल्या. सदर जमालचाचांनी नकार दिला. चाचांचा जन्म जहाजांवर सारंगाचं काम करण्यात गेला होता. इंजिनाचं त्यांना वावडं नव्हतं. “पण अजीज खाणार काय?” त्यांनी विचारलं. लाँचवर त्याला खलाशी ठेवू, असा निरोप अन्वरने गावी धाडला होता. अजीजने उलटा निरोप दिला, की बापाच्या खाडीवर मी कुणाची नोकरी करणार नाही.

नूरुद्दीन स्वतः इंजिन फिटर होता. दुबईच्या खाडीकाठी शिडाच्या गलबतांत डिझेल इंजिनं बसवणं, हेच त्याचं रोजचं काम. गावाला कसलं इंजिन लागेल, हे डोळे मिटून सांगू शकणारा माणूस त्या माडीवर तो एकटाच. आणि नेमका त्याच्याच सख्ख्या भावाचा घास त्या इंजिनाने जाणार होता.

सभेला चढताना जिन्यात तय्यबने त्याला गाठलं होतं. “नूरू, तुला अवघड जात असेल तर खाली हॉटेलात चहा पीत बस. मी मनाला लावून घेणार नाय.”

“सभा चालू असताना पळून जाऊ? चोर आहे काय मी?” नूरुद्दीन म्हणाला होता. “बसतो. पण बोलणार नाय.”

“मग झालं तर,” चटईवर अन्वरने आता पेन्सिल कानावर ठेवली. “मतं पडली बारा. त्यात आठ बाजूने. बाराचे दोन-तृतीयांश आठ. चाचांचा नकार मोडला.”

तय्यबने डोळे मिटले. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“थांब,” जमालचाचा म्हणाले. “आपला नियम काय आहे? तोंडाने सांग.”

“‘सदर सोडून हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांश...’” अन्वर म्हणाला आणि तिथेच अडखळला.

“हजर किती?”

“तेरा.”

“तेराचे दोन-तृतीयांश?”

“आठाच्या वर जातात. म्हणजे... नऊ लागतील.”

“अरे पण नूरूभाय बोलला ना, मला सोडून मोजा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“सोडून कसा मोजायचा?” चाचा म्हणाले. “हा काय, समोर बसलाय. एवढा उंच माणूस.”

दोघे-तिघे हसले. अन्वरचा चेहरा पडला होता. “यावर मोठमोठ्या देशांत वाद झालेत,” तो हळू आवाजात म्हणाला. “कुठे मत देणाऱ्यांतले दोन-तृतीयांश धरतात. तिथे गप्प बसणारा हिशेबातच येत नाय. कुठे हजर असलेल्यांतले धरतात. तिथे गप्प बसला तो विरोधात गेला. आणि कुठे तर सगळ्या सभासदांतले. तिथे घरी झोपलेला माणूसपण विरोधात. मी ‘हजर’ लिहिलं. मला वाटलं, काय फरक पडतो?”

“म्हणजे हा खाली चहाला गेला असता तर?” कुणीतरी विचारलं.

“बारा हजर, आठ हात. पास झालं असतं.”

तय्यबने नूरुद्दीनकडे पाहिलं नाही. तो चटईची सुटलेली काडी बोटाने आत खुपसत राहिला. नूरुद्दीनला मात्र जिन्यातला त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला, आणि कान तापले.

“नूरू,” जमालचाचा म्हणाले, “मला असं जिंकायचं नाय. अजून वेळ आहे. आता तुला कळलं, गप्प बसणं कुठे मोजलं जातंय ते. सांग, हात वर करतोस?”

पंखा गरगरत होता. नूरुद्दीनला पाण्याने ओढलेली होडी दिसली. मग अजीजचे हात दिसले. लहानपणी ते हात त्याला पाण्यात फेकायचे, आणि घाबरून तोंडात पाणी गेलं, की लगेच मानगूट धरून वर काढायचे. त्याने उजवा हात मांडीवरून उचलला. तो छातीपर्यंत आला आणि त्याने दाढी कुरवाळली.

“जमत नाय, चाचा,” तो म्हणाला.

“खलास,” चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. “आता वर्षभर हा विषय नाय.”

त्या रात्री तय्यबने रोजच्यासारखंच नूरुद्दीनच्या शेजारी अंथरूण घातलं. रोजच्यासारखाच दिवा घालवू का, म्हणून विचारलंही. एवढंच, की त्यानंतर कित्येक महिने तो त्याच्याशी फक्त असंच बोलला: दिवा घालवू का, मीठ सरकव, पाणीवाला आला.

हिवाळा सरता सरता माडीवरचा यूनुस गावी सुट्टी घालवून परतला. बोट धक्क्याला लागल्यावर सगळे त्याला उतरवून घ्यायला गेले होते. माडीवर ट्रंक उघडली, तशी खारवलेल्या सुरमईचा वास पंख्याच्या वाऱ्याबरोबर खोलीभर झाला आणि चौदा माणसं एकदम गाव-गाव करायला लागली. कुणाच्या दारातला माड पडला, कुणाची म्हैस व्याली, कुणाची मुलगी आता ओळखू येत नाही.

“आणि हा डबा तुमचा, नूरूभाय,” यूनुस म्हणाला. “अजीजभायनी दिलाय. स्वतः खारवलीय. आणि निरोप आहे. बोलले, नूरूला सांग, सगळी जमात एका बाजूला असताना तू भावाला धरून राहिलास. बापाची लाज राखलीस.”



“मी काय केलं नाय,” नूरुद्दीन म्हणाला.

“तेच बोलले ते! नूरू असंच बोलेल, बोलले. लहानपणापासून तसाच आहे, केलेलं सांगत नाय.”

“अरे खरंच काय केलं नाय मी!” त्याचा आवाज चढला. यूनुस हसला. इतर कुणी हसलं नाही.

रात्री सुरमई तळली गेली. ताट मधे आलं, पण हात कुणीच घालेना. सगळे तय्यबकडे न बघता तय्यबकडेच बघत होते. त्याने एक तुकडा मोडला, काटा काढला, भाताबरोबर सावकाश खाल्ला.

“मीठ बरोबर लागलंय,” तो म्हणाला. “घ्या की.”

मग सगळे जेवले. नूरुद्दीनच्या ताटातला तुकडा तसाच राहिला.

त्या वर्षी त्याने बरीच इंजिनं बसवली. खाडीत एखादं जुनं गलबत यायचं, डोलकाठी उतरवली जायची, आणि पोटात लोखंड चढायचं. इंजिन पहिल्यांदा धडधडलं, की पोरं ओरडायची, मालक खूश व्हायचा, आणि शीड बांधण्यात आयुष्य गेलेले दोन-तीन म्हातारे खलाशी थोडे मागे सरून उभे राहायचे. पूर्वी नूरुद्दीनचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे असायचं. आता ते त्या म्हाताऱ्यांकडे जाऊ लागलं. तरी इंजिन बंद करा, असं त्यांच्यापैकी कुणी कधी म्हटलं नाही. हेही त्याच्या ध्यानात आलं.

वर्ष उलटल्यावर जुम्म्याची चटई पडली. तय्यबने विषय काढला नाही. तो कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता.

“लाँचचं काय?” नूरुद्दीनने विचारलं.

अन्वरने चमकून वर पाहिलं. “नियम बदलून मग मतं घेऊ या? ‘हजर’ काढून ‘मत देणारे’ टाकतो. एका मिनिटाचं काम आहे.”

“नको. आहे तोच राहू दे.”

जमालचाचांनी आपला नकार कायम ठेवला. सदर सोडून तेराही जण हजर होते. पूर्वीचे आठ हात वर झाले, आणि त्यांच्यात नववा ग्रीस लागलेल्या नखांचा.

“नूरू, सख्खा भाऊ आहे तो तुझा,” चाचा म्हणाले.

“माहीत आहे, चाचा. गेल्या साली मी बोललोच नाय आणि तरी माझं नाव लागलं. या साली बोलून लागू दे. आणि यूनुस, तू गावी जाशील तेव्हा त्याला हेच सांग. कुणाच्या सांगण्यावरून नाय, नूरूने स्वतः हात वर केला, म्हणून सांग.”

“नऊ,” अन्वर म्हणाला. या वेळी त्याने दोनदा मोजलं.

चाचांनी मान हलवली आणि आपणच पहिले उठून नूरुद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला. तय्यब मागाहून आला. नूरुद्दीनच्या चपला जिन्यात इतरांच्या चपलांखाली गेल्या होत्या, त्या काढून त्याने सरळ करून ठेवल्या.

दोन सिलिंडरचं एक इंजिन नूरुद्दीनने निवडलं, सबंध खोललं, धुतलं, पुन्हा जुळवलं. त्याला रजा मिळणार नव्हती, म्हणून यूनुसला शेजारी बसवून त्याने एकेक नट त्याच्याकडून तीनतीनदा काढून बसवून घेतला. खोक्यात भरलेलं इंजिन बोटीवर चढलं. पावसाळ्याआधी गावच्या सुताराने लाँच तयार केली, आणि पावसाळा ती यूनुसनेच चालवली. मग पलीकडच्या गावचा एक लायसनवाला माणूस मिळाला, आणि यूनुस दुबईला परत आला. धक्क्यावरून तो थेट नूरुद्दीन काम करत होता त्या गलबतावर आला.

“काय, चालतेय?”

“फस्क्लास! ऐन ओहोटीतपण सरळ रेघेत जाते. रात्री-अपरात्री कुणी पलीकडे न्यायचं झालं, तर आता कुणी भरतीची वाट बघत नाय.”

“आवाज कसा आहे?”

“तुम्ही सोडला होता तस्साच.”

नूरुद्दीनने मान डोलावली. थोडा वेळ चिंधीने हात पुसत राहिला. “अजीज?”

यूनुसने खाडीकडे पाहिलं. “भेटले. तुमचा निरोप सांगितला. ऐकून घेतला. काय बोलले नाय. डबा-बिबा काय दिला नाय या खेपेला.”

“करतो काय?”

“मेव्हण्याच्या मळ्यात जातात, नारळ उतरवायला. होडी ओढून माडाच्या सावलीत घेतलीय. आणि रोज संध्याकाळी तिच्यावर पाणी मारतात. आतून, बाहेरून. पोरं चिडवतात, होडीचं झाड होणार काय म्हणून. तरी एक दिवस चुकवत नायत.”

“फळ्या सुकल्या की सांधे उघडतात,” नूरुद्दीन म्हणाला. मग त्याने विचारलं, “पाणी कुठलं मारतो? विहिरीचं?”

“विहीर तर हाताशी आहे, पण नाय. खाडीवर उतरतात. घागर भरून चढ चढून आणतात.”

“बरोबर,” नूरुद्दीन म्हणाला. “गोड्या पाण्याने लाकूड कुजतं.”